उभे गुरुजी

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्वदीर्घ मला कधीच नीट जमले नाहीत, त्याबद्दल आधीच माफी मागते. कुणाची मागते ते मलाही ठाऊक नाही, कारण हे कुणाला दाखवायचं नाही. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. पुढे हाताला पेन्सिल कमी आणि कापूस जास्त लागला. घरी आम्ही गुजरी बोलतो, गल्लीत अहिराणी, मराठी फक्त शाळेत. म्हणून मराठी लिहायला घेतली की मला अजून शाळेत बसल्यासारखं वाटतं आणि समोर गुरुजी उभे दिसतात.

उभेच दिसतात. आमच्या तापीकाठच्या शाळेत एक खुर्ची होती, पण गुरुजी तिच्यावर कधी बसले नाहीत. सकाळच्या प्रार्थनेपासून शाळा सुटेपर्यंत ते उभे असत. खुर्चीवर पाण्याचा माठ ठेवलेला असे. गावात त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे, सगळे त्यांना उभा मास्तर म्हणत. माझ्या मायनं एकदा विचारलं, "गुरुजी, पाय सुजतील. बसत का नाही?" ते म्हणाले, "माय, पोरं जमिनीवर बसतात. ज्या दिवशी त्यांना बाकं येतील त्या दिवशी मी खुर्चीत बसेन." माय घरी येऊन म्हणाली, हा माणूस जन्मभर बसत नाही आता. एकदा तपासणीला साहेब आले आणि माठ उतरवून त्या खुर्चीत बसले. ते गेल्यावर मुलांनी विचारलं, साहेब कसे बसले? गुरुजी म्हणाले, "ते पाहुणे आहेत. पाहुण्यांना बसवायचं असतं." आणि माठ परत खुर्चीवर ठेवला.

गुरुजी घाटावरचे. आमच्याकडे बदलीवर आलेला मास्तर पहिल्या दिवसापासून परत जायच्या बदलीची खटपट करायचा. हे तसे नव्हते. बोली येत नव्हती तरी गल्लीत उभे राहून शिकले. चुकीचं बोलले की बाया तोंडाला पदर लावून हसत, आणि ते म्हणत, "हसा, पण बरोबर काय ते सांगा."

मी वर्गात बोलत नसे. उत्तर येत असे, पण नाव घेतलं की घसा बंद व्हायचा. आधीच्या मास्तरांनी मला मुकी ठरवून मागे बसवलं होतं. गुरुजींनी पहिले काही दिवस मला काहीच विचारलं नाही. मग एकदा कविता म्हणायची पाळी माझ्यावर आली तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, हात मागे बांधले, आणि म्हणाले, "जमना, मी इथं नाही. भिंतीला सांग." सगळी मुलं हसली. त्यांनी मुलांनाही भिंतीकडे तोंड करायला लावलं. त्या रिकाम्या पाठींसमोर मी अख्खी कविता म्हटली. संपल्यावर ते वळले नाहीत. तसेच उभे राहून म्हणाले, "मग? पुढची?" ती पुढची कविता अजून शिकवलेली नव्हती. मी घरी वाचून ठेवली होती, हे त्यांना कसं कळलं मला माहीत नाही.

हे "मग?" त्यांचं सततचं होतं. गणिताचं उत्तर बरोबर आलं तरी शाबासकी नाही. "बरोबर. मग?" मूल म्हणायचं, मग काय, संपलं. ते म्हणायचे, "संपत नसतं रे बाबा. उत्तर आलं की तिथून पुढं प्रश्न सुरू होतो."

कपाशी वेचायच्या दिवसांत मुली शाळेत येत नसत. इतर मास्तर हजेरीत खाडे मांडून मोकळे व्हायचे. गुरुजी दुपारची सुट्टी झाली की वावरात यायचे आणि बांधावर उभे राहायचे. वेचता वेचता आम्ही पाढे म्हणायचो. एक ओळ संपली की एक पाढा संपायचा. ज्या मुलीचा पाढा चुकेल तिनं ओळीच्या सुरुवातीला परत जायचं, आणि तिथं कापूस तर वेचून झालेला असायचा, त्यामुळं सगळ्या तिला हसायच्या. माझे आबा, म्हणजे वडील, हे पाहून म्हणायचे, "मास्तर, तुमना पाढास्मुळे कपाशी लवकर निंघस!" आबा मोठे शेतकरी होते, सही करण्यापुरतं शिकलेले. गुरुजींना ते रोज संध्याकाळी ओट्यावर बोलवायचे. आबा बसायचे, गुरुजी खांबाला टेकून उभे. दोघांचं बोलणं तसंच चालायचं.

मी चौथी पास झाले. मुली पुढं शिकत नसत, कारण पुढची शाळाच नव्हती. पाचवीला शहाद्याला जावं लागे, आणि मुलीला एकटीला कोण पाठवतो? मुलगे जायचे, काही परत यायचे. सातवी पास झालं की मास्तरीण होता येतं हे मला गुरुजींनीच सांगितलं होतं. मी ते आबांना सांगितलं नाही. भिंतीला सांगितलं होतं.

त्याच उन्हाळ्यात गुरुजी एका संध्याकाळी ओट्यावर आले ते हसतच. एका मोठ्या संस्थेनं देशभरातून काही माणसं निवडली होती. मास्तर, अधिकारी, एक डॉक्टरही होता म्हणे. त्यांना वर्षभर दिल्लीला ठेवून, गावोगाव फिरवून, देशातल्या शाळा कशा चालवाव्यात, त्याची धोरणं कशी ठरवावीत ते शिकवायचं. शिकून आले की त्यांनी आपापल्या भागात शिक्षणाचं पुढारपण करायचं. गुरुजी त्याला फेलोशिप म्हणत. प्रत्येकानं आपला एक प्रश्न घेऊन जायचा होता. गुरुजींनी लिहून दिलं होतं: खेड्यातल्या मुली चौथीनंतर का थांबतात?

आबा हसले. "हाई सांगाले दिल्ली कसाले जानं पडस? पुढे शाळाच नही, म्हनीसन थांबतस."

"आबा," गुरुजी म्हणाले, "हे मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे. दिल्लीला माहीत नाही."

ते वाक्य आबांना इतकं आवडलं की बाजारात, जिनिंगवर, सगळीकडे ते सांगत फिरले.

वर्षभराचा पगार शाळाबोर्ड चालू ठेवणार होतं, राहण्याचा खर्च संस्था बोर्डामार्फतच देणार होती. त्यासाठी करारनामा करायचा होता आणि त्याला एक शेतीवाला जामीन लागत होता. गुरुजींचं इथं कोण? आबा म्हणाले, मी आहे. सही करण्याआधी गुरुजींनी तो कागद ओट्यावर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. त्यांनी काही लपवलं नाही, हे मला लिहिलं पाहिजे. कागदात होतं की शिक्षण पूर्ण करून मी याच तालुक्यात परत येईन आणि पाच वर्षं काम करीन. न आल्यास घेतलेली सर्व रक्कम परत भरीन.

रक्कम ऐकून ओट्यावर हशा पिकला. शेजारचे काका म्हणाले, "मास्तर भरेल एवढे? मग मी पण दारात हत्ती बांधतो." आमच्याकडे सौदा झाला की शेवटी असं काहीतरी बोलतातच. बैल विकणारा म्हणतो, खोड निघाली तर मिशी काढून हातात देईन. आजवर कुणी मिशी काढून दिलेली नाही. ते शब्द सौदा पक्का व्हावा म्हणून असतात. कागदातलं ते शेवटचं वाक्यही आम्ही सगळ्यांनी तसंच धरलं. आबांनी हसत सही केली. ते वाक्य म्हणजे एक दार आहे आणि ते उघडतं, हे त्या ओट्यावर एकालाही वाटलं नाही. त्या दिवशी गुरुजींनाही वाटलं नसेल. मी अजून तसं मानते.

जायच्या दिवशी आम्ही सगळे नदीवर गेलो. आमच्या गावाजवळ पूल नव्हता, नावेनं पलीकडे जाऊन मग दोंडाईच्याची गाडी गाठायची. काठावर आबांनी गुरुजींना थांबवलं. आमच्या गावात मोठा शब्द द्यायचा असेल तर तापीचं पाणी ओंजळीत घेऊन देतात. तो शब्द मोडला असं आमच्या माहितीत नाही. आबा म्हणाले, "गुरुजी, तापीमायनं पानी हातमा ल्या आनि सांगा, मी परत येसू."

गुरुजींना हसू आलं. वाईट हसू नव्हतं ते. त्यांनी आबांच्या खांद्यावर हात ठेवला. "आबा, पाणी कशाला? सही केलेला कागद आहे. पाणी ओंजळीतून गळून जातं, कागद राहतो."

आबांनी मान हलवली. शिकलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर त्यांना पटलं.

माझ्याकडे पाहून गुरुजी म्हणाले, "जमना, एक वर्ष. आलो की गावात पाचवी. मग सहावी. मग?" मी मनात म्हटलं, सातवी. तोंडातून शब्द निघाला नाही. ते भिंत शोधायला लागले. नदीवर भिंत कुठली? ते पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. तेव्हा मी हळूच म्हटलं, "सातवी." ते नावेत चढले आणि तिथंही उभेच राहिले. नावाडी ओरडला, "ओ गुरुजी! नावमा तरी बठा! नाव डोली ऱ्हायनी!" ते बसले. आम्ही त्यांना पहिल्यांदा बसलेलं पाहिलं. सगळा काठ हसला, मीसुद्धा.

आबांनी त्या वर्षी कापसाची खोली रिकामी केली. घरात सगळ्यात मोठी आणि कोरडी खोली ती. पाचवीचा वर्ग तिथं भरणार होता. भिंतींना चुना लावला, एका भिंतीवर काळा रंग देऊन फळा केला. कापूस अंगणात ताडपत्रीखाली राहिला आणि अवकाळी पावसात थोडा भिजला. माझी फुई, आबांची बहीण, येता-जाता टोमणा मारायची. "कापूस बाहेर, मास्तर दिल्लीत, आणि घरात रिकामी खोली. काय, भुतांची शाळा भरवणार का?" माझ्यासाठी स्थळं यायला लागली होती. नदीवर माझं "सातवी" ऐकल्यापासून आबा प्रत्येकाला सांगत, पोरीची सातवी होऊ द्या. आमच्याकडे लेकीला आंडेर म्हणतात. फुई म्हणायची, "आंडेरीला मास्तरीण करून तिच्या पगारावर बसणार आहेस का रे तू?" आबा म्हणायचे, "बसणार नाही. मीही उभाच राहणार आहे." घरात हसू व्हायचं.

पहिल्या महिन्यांत गुरुजींची दोन कार्डं आली. पाठांतर चालू ठेव, असं माझ्यासाठी लिहिलेलं होतं. मी रोज त्या खोलीत जाऊन काळ्या भिंतीवर लिहायची आणि पुसायची. वर्ष झालं. गुरुजी आले नाहीत. कळलं की शिक्षण संपलं, पण त्यांना तिथंच समितीत काही महिन्यांचं काम मिळालंय. आबांनी आणखी एक वर्ष स्थळं परत पाठवली. खोली दुसऱ्या हंगामातही रिकामी राहिली.

मग कळलं, गुरुजी शहाद्याला येणार आहेत, शिक्षकांची आणि गावकऱ्यांची सभा आहे. आबांनी बैलगाडी जोडली. मला बरोबर घेतलं. मायनं गुरुजींसाठी गूळ-शेंगदाण्याचे लाडू दिले. आबा रस्ताभर बोलत होते की खोली दाखवायला त्यांना आजच गाडीत घालून आणायचं.

सभा एका शाळेच्या हॉलमध्ये होती. वर टेबल आणि खुर्च्या, खाली सतरंज्या. गुरुजी जीपमधून उतरले. अंगानं भरले होते, चष्मा लागला होता. ते वर गेले आणि खुर्चीत बसले. मी आबांकडे पाहिलं. आबा म्हणाले, "थकले असतील."

बोलायची वेळ आली तेव्हाही ते बसूनच बोलले. समोर कागद होते. सगळं मला कळलं नाही, पण एवढं कळलं. ते म्हणाले, खेड्यात मुलींच्या पुढच्या वर्गांना अजून मागणी नाही. आधी मागणी तयार झाली पाहिजे, मग वर्ग काढावेत, नाहीतर खर्च वाया जातो. तोवर चौथीनंतर मुलींना शिवण आणि घरकाम शिकवणारे वर्ग पुरेत. आणि ते म्हणाले, "हे मी ऐकीव सांगत नाही. मी एका गावात राहिलो आहे. अतिशय हुशार मुलगी, वडील सधन, घरात काही कमी नाही. तरीही ती चौथीनंतर थांबली. कारण मागणीच नाही."

गुरुजींनी माझंच उदाहरण दिलं होतं आणि मी तिथं सतरंजीवर बसले होते, मांडीवर लाडवांचा डबा घेऊन.

आबा उठून उभे राहिले. नुसते उभे राहिले. मागचे लोक म्हणायला लागले, ओ, बसा, दिसत नाही. आबा बसले नाहीत. गुरुजींनी चष्म्यातून पाहिलं. ओळख पटली, चेहरा एकदम फुलला, ते खोटं नव्हतं. मग लगेच कशानं तरी तो चेहरा मिटला. ते म्हणाले, "बसा आबा. बसा."

सभा संपेपर्यंत आबा उभे होते.

नंतर गुरुजी आमच्याजवळ आले. "जमना ना तू? किती मोठी झालीस! मग?"

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी एकदा भिंतीकडे तोंड केलं असतं तर मी बोलले असते. काय बोलायचं ते मला त्या दिवशी येत होतं, आजही येतं. त्यांनी केलं नाही. आबाच म्हणाले, "मंग काय गुरुजी. खोली खाली करी ठेयेल शे. दोन साल झायात. फळा बी करेल शे."

गुरुजींनी एकदा जीपकडे पाहिलं. मग म्हणाले, "आबा, प्रश्न एका खोलीचा नाही. देशाचा आहे. मी इथं आलो तर एक वर्ग होईल. तिथं बसून शंभर होतील."

आबा म्हणाले, "व्हतीन बी. पन मन्ही आंडेरनं नाव सांगीसन तुम्ही सांगं, मागनी नही. तुम्हले तं माहीत व्हतं, गुरुजी."

नाव मी सांगितलेलं नाही, गुरुजी म्हणाले. ते खरं होतं. नाव त्यांनी घेतलं नव्हतं. जीपवाला हॉर्न वाजवत होता. लाडू त्यांनी घेतले.

गाडीत आबा एकदाच बोलले, सारंगखेड्याच्या बाजूला सूर्य खाली गेल्यावर. "आता दिल्लीला माहीत झालं," म्हणाले.

त्याच हंगामात कापूस परत खोलीत गेला. काळ्या भिंतीला लागूनच थप्पी लावली. दुसऱ्या वर्षी माझं लग्न झालं. माणसं चांगली मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही. फुई वरातीत म्हणाली, मी आधीच सांगत होते. तिचं बरोबर निघालं म्हणून तिलाही बरं वाटलं नव्हतं. पदराआड रडत होती.

गुरुजी दिल्लीतच नोकरीला लागले. बोर्डानं आबांना जामीनदार म्हणून बोलावलं. लोकांना वाटलं, आता आबांच्या जमिनीवर येणार. आबा साहेबांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, पैसे नकोत, माणूस बोलवा. साहेब म्हणाले, "कागदात दोन्ही लिहिलंय. यावं किंवा भरावं. त्यातलं काय करायचं ते त्यांच्या हातात. आणि ते भरायला तयार आहेत." बैलवाल्यानं खरंच मिशी काढून हातात ठेवली होती.

गुरुजी हप्त्यानं पैसे भरायला लागले. दर वेळी शहाद्याला बाजाराला गेले की आबा कचेरीत डोकावून विचारत, हप्ता आला का? कारकून म्हणाला, नाही अजून, की आबा खूश होऊन बाहेर पडत. आला म्हणाला की त्यांचं तोंड उतरे. कारकून म्हणे, "आबा, असा जामीनदार मी पाहिला नाही. पैसे भरले की लोकांचा जीव भांड्यात पडतो." आबांचा हिशोब वेगळा होता. जोवर थोडे पैसे बाकी आहेत, तोवर गुरुजी गावाला बांधलेले आहेत. कधीतरी तिकडं भांडण होईल, मन उडेल, आणि हा माणूस नावेतून उतरेल. मी त्यांना वेड्यात काढलं नाही. मीही देवापुढे दिवा लावताना म्हणायची, हप्ता चुकू दे.

चुकला नाही. गुरुजी व्यवहाराला चोख. सगळे तेच म्हणतात. आमच्या गावात अजून त्यांचं नाव निघालं की माणसं सांगतात, घेतलेला पैसा परत करणारा मास्तर. मला त्यांचा राग येतो तो अशा वेळी सर्वांत जास्त येतो. पैसे आम्ही दिले नव्हते, मागितले नव्हते. जे दिलं होतं त्याचा हप्ता बांधता येत नाही.

माझी मुलगी आता दुसरीत आहे. माझ्यावर गेली आहे, चारचौघांत तोंड उघडत नाही. संध्याकाळी भाकरी करताना मी चुलीकडे तोंड करते आणि म्हणते, मी इथं नाही, भिंतीला सांग. मग ती घडाघडा म्हणते. बरोबर म्हटलं की माझ्या तोंडून निघतं, "मग?" मी ओठ चावते, पण तोवर निघून गेलेलं असतं. त्या माणसानं मला जे दिलं ते माझ्यातून काढता येत नाही. कापसात सरकी असते तसं आहे ते, हातानं ओढून काढायला गेलं तर धागाच तुटतो.

गावात अजून शाळा चौथीपर्यंतच आहे.

काल आबा माझ्या सासरी आले. आता थकलेत, ओट्यावर चढताना खांब धरला. हातात पेढ्यांचा पुडा होता. कारकुनानंच घ्यायला लावला म्हणाले. तो म्हणाला, आबा, आज सुटलात, तोंड गोड करा. आबांनी त्याला सांगितलं, मी अडकलो कुठं होतो? तरी पेढे घेतले, कारण नाही म्हणायला काय सांगणार?

मी पाणी दिलं. आबा बसले नाहीत. मी पुडा हातात घेऊन तशीच राहिले. मुलगी धावत आली, तिनं एक पेढा उचलला आणि खाता खाता विचारलं, कसले पेढे, आबा?

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दाराबाहेर, रस्त्याकडे तोंड केलं.

"गुरुजीनी पैसा फेडी टाका, बेटा," ते म्हणाले. "आख्खा. एक पै ऱ्हायनी नही."